खिळ्यावरची पाटी

मी एक पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे आणि दारावरच्या नावाचीही नव्हे. शर्ट शिवायच्या कारखान्यात, लाइनच्या साहेबांच्या टेबलामागे खिळ्याला लटकते ती लाकडी पाटी. पाच नंबरच्या लाइनीत चाळीस बायका. त्यांतल्या कुणाला बाथरूमला जायचं असलं, की मला हातात घेऊन जायचं आणि परत आणून टांगायचं. खिळा रिकामा दिसला, की बसून राहायचं. इस्त्रीवाल्या पुरुषांना पाटीबिटी काही नाही. ते हात पुसतात आणि जातात.

माझा जन्म मालाच्या खोक्याच्या फळीतून झाला. सुतार मला तळहाताएवढी कापायला निघाला होता, तर साहेब म्हणाले, "मोठी कर रे. कुणाला दडवून नेता येता कामा नये." म्हणून मी ही अशी ताटाएवढी. मला घेऊन उठलेली बाई कुठे निघाली, ते अख्ख्या लाइनीला कळतं.

आत गेल्यावर बायका मला कडीला अडकवतात आणि स्वतःशीच बोलतात. कुणाचा नवरा घोरतो, कुणाची जाऊ तिखट, सगळं मला माहीत. मला काय करायचंय म्हणा, पण कान थोडेच बंद करता येतात? आणि तिथेच मला कळलं, की या बायका पाणीच पीत नाहीत. घरून बाटली भरून आणायची, दुपारी नुसते ओठ ओले करायचे आणि संध्याकाळी तीच बाटली नळाखाली ओतून घरी जायचं. घरच्यांनी विचारायला नको.

आमच्यात एक काजवाली होती. शर्टाला काज करण्यात तिच्यासारखा हात नाही. तिला लघवीला जळजळ सुरू झाली, मग ताप, मग कंबर धरून उठणं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "काय हो, पाणी प्यायला पैसे पडतात का? भरपूर पाणी प्या. दुखणं किडनीपर्यंत गेलं, तर मग माझ्याकडे रडत येऊ नका." हे सगळं ती नंतर आत कडी लावून स्वतःशीच पुटपुटली. परक्या पुरुषाला माझ्याबद्दल काय आणि कसं सांगणार बिचारी?

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मशिनवरची कॉलरवाली तिला म्हणाली, "अगं, मग पी की पाणी!"

"पिते. आणि मग काय, मशिनखाली बसू?"

पण घाबरली होती. पिऊ लागली. पहिल्या दिवशी मला चार वेळा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पाचव्यांदा हात लावला, तसे साहेब मोठ्याने म्हणाले, "पाटी काय माहेरून आणलीस?"

बायका हसल्या. अहो, खरंच हसल्या. मला त्याचंच जास्त लागलं. पण त्यांचंही काय चुकलं? ती चार वेळा गेली, की कुणाच्या तरी चार पाळ्या बुडायच्या. चौथ्या दिवशी तर कॉलरवालीच तिच्यावर खेकसली, "ठेव ना बाई आता खाली! आम्हीही माणसंच आहोत."

काजवालीने मला खिळ्यावर ठेवलं आणि त्या दिवसापासून पाणी सोडलं. संध्याकाळी बाटली पुन्हा नळाखाली रिकामी होऊ लागली.

महिन्याभरात ती मशिनवरच थंडी वाजून कोसळली. दोन्ही किडन्या गेल्यात जमा. कॉलरवाली तिला हॉस्पिटलात भेटून आली आणि दुसऱ्या दिवशी मला छातीशी धरून आत रडली. म्हणत होती, नवरा सारखं एकच बोलतोय, मी हिला रोज बाटली भरून देत होतो हो! आणि हॉस्पिटलच्या कागदावर म्हणे लिहिलंय, पाणी कमी पिण्याची सवय. सवय! चाळीस बायकांना एकदमच लागली का हो ती?

रडून झाल्यावर कॉलरवालीने मला खिडकीतून मागच्या गटारात भिरकावलं. जन्मात पहिल्यांदा मला कुणाचा तरी अभिमान वाटला. म्हटलं, सुटल्या बायका!

कसल्या सुटतात? साहेब म्हणाले, "पाटी नाही, तर जाणं नाही." दुपारपर्यंत बायका मांड्या आवळून बसल्या. एक म्हातारी शिलाईवाली तर बसल्या जागी रडू लागली. शेवटी कॉलरवालीच उठली, गटारात हात घालून मला बाहेर काढलं, धुतलं, पुसलं आणि खिळ्याला टांगलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

काजवाली आता आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलच्या मशिनला जोडलेली असते. तिला पाणी मोजून मिळतं. जास्त मागितलं, तर नर्स ओरडते.

मी अजून इथेच आहे. माझे कोपरे झिजून गुळगुळीत झालेत, दोरी नवी आहे. मला फेकून उपयोग नाही, ते बघून झालं. म्हणून डॉक्टर, तुम्हालाच हात जोडून सांगते. पुढच्या वेळी अशी कुणी कंबर धरून तुमच्यासमोर बसली, की पाणी किती पिता, एवढ्यावर थांबू नका. दार लोटून घ्या आणि हळूच विचारा, "बाई, तुम्हाला जाऊ देतात का?"