हललेला चेहरा

हात थरथरायला लागले तसं सासऱ्यांनी मातीला शिवणं सोडलं. जन्मभर माणसांची डोकी घडवलेला माणूस. आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तोही कुणी बघत नाही असं पाहून.

सुनेला ते बघवेना. तिनं स्कॅनर आणला. तो माणसाभोवती फिरवायचा, की कॉम्प्युटरवर चेहरा तयार. मग प्रिंटर थरावर थर रचून त्याचा पुतळा करतो.

"फिरवायचं काम तुमचं, बाबा."

"या वयात ही थेरं!" असं म्हणत सासरे उठले मात्र.

समोर सासूबाई. गप्प बसा म्हटलं की यांना हटकून काहीतरी आठवतं.

"अहो, गॅस बंद—"

"हलू नकोस!"

"मी हलतेय? आधी स्वतःच्या हाताकडे बघा."

पडद्यावर चेहरा आला. गाल नांगरलेला. नाकाशेजारी आणखी अर्धं नाक. कानामागे भोक, आरपार.

सासरे आत गेले. दार लागलं.

(इथं सून चुकली. चांगल्या मनानं, पण चुकलीच.)

दोन दिवस खपून तिनं सगळं गुळगुळीत केलं. भोक बुजवलं, जादा नाक छाटलं, पुतळा काढला.

सासूबाईंनी चष्मा लावला. "कोण गं ही?"

"तुम्हीच, आई."

"ही? हिच्याशी चार दिवस तरी भांडता येईल का यांना? आधीची काढ."

आधीची! म्हणजे सासऱ्यांची थरथर घरात मांडून ठेवायची. सुनेनं जीव मुठीत धरून बटण दाबलं.

प्रिंटर तासन्‌तास घरघरला. सासरे तीनदा पाणी प्यायला बाहेर आले. एवढी तहान त्यांना कधी लागत नसे.

निघाली. खिडकीत ठेवली. चऱ्याचऱ्यांत ऊन अडकलं, आणि तोंड असं की आत्ता काहीतरी सुनावेल.

सासऱ्यांनी गालावरून बोट फिरवलं. बोट थरथरत होतं, चऱ्यांवर बरोबर बसत होतं.

"हे मशीनचं नाही," ते हळूच म्हणाले. "हा माझा हात आहे."

"चरे घासून काढू का, बाबा?" सुनेनं विचारलं.

"खबरदार!"

"आणि मला दोन नाकं?" सासूबाई.

"दुसरं सगळीकडे खुपसायला." ते सुनेकडे वळले. "माती कुठंय?"

"गॅलरीत. पण दगड झालाय तिचा."

त्यांनी मातीचा गोळा टेबलावर आणला, फोडायला हातोडी घेतली. पहिला घाव हुकला. दुसरा टेबलाला बसला.

"माझं टेबल!" सासूबाई.

सासरे हसत होते. हातोडी पुन्हा वर गेली होती, थरथरत.