पुंडलिकचे सात थांबे

“आता सांगतो ते कुणाला खरं वाटायचं नाय,” असं म्हणत पुंडलिक बांधावर थांबला, की बरोबरच्या माणसानेही थांबायचं, ही गावची रीतच पडली होती. एका थांब्यावर खाडीतली चिंबोरी, खेकड्यांची राणीच ती, नांगीने त्याची होडी ओढून न्यायची. दुसऱ्यावर तो मिठाच्या राशीवर बसून पूर ओलांडायचा, आणि मीठ विरघळलं कसं नाही, हे कुणी विचारायच्या आत पुढे निघालेला असायचा.

खरं काय ते एकट्या पुंडलिकला ठाऊक होतं. शंभरेक पावलं झाली की त्याच्या डाव्या पोटरीत पीळ भरल्यासारखी कळ यायची. गोष्ट संपेपर्यंत ती ओसरायची. गेल्या वर्षी फाट्यापासून घरापर्यंत दोन गोष्टी पुरत होत्या. आता सात लागत.

त्यात डाव्या अंगठ्याला जखम झाली. मिठागरात राबणाऱ्याच्या पायाला मीठ खातंच. तेल चोपडायचं आणि पुन्हा मिठात उतरायचं. त्याने तेच केलं. तीन आठवड्यांनी अंगठा काळा पडला. पुंडलिकने त्यावर फडकं गुंडाळलं आणि बिडी पेटवली.

शिमग्याला त्याची भाची सगुणा आली. ती पेणच्या एका दवाखान्यात नर्स. मामा तिला आणायला फाट्यावर गेला होता. परतताना तिसऱ्या थांब्यावर तो म्हणाला, “ह्या अंगठ्याला चिंबोरी डसली गो. तिच्यासकट वडखळपर्यंत चालत गेलो!”

“मामा, खोटं.”

“अगो, चिंबोरी एवढी...”

“चिंबोरीचं सोड. गोष्ट आठवते म्हणून तू थांबत नायस. पाय थांबवतो, म्हणून तुला गोष्ट आठवते.”

हे त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सगुणाने त्याला बांधावर बसवलं, फडकं सोडलं आणि दोन्ही पावलांवर बोटं ठेवून नाडी पाहिली.

“उजव्या पायाला ठोके लागतात. डाव्याला नाय. आणि भर उन्हात हा पाय गार हाय.”

“मिठानं होतं तसं.”

“मीठ दोन्ही पायांना लागतं, मामा. मग काळा एकच अंगठा का?”

पुंडलिकने खिशातून बिडी काढली.

“पाटात गाळ बसला तर वाफ्यात पाणी पोचतं काय? तुझ्या पायाची रक्तवाहिनी तशी आतून बुजलीय. ह्या बिडीनं.”

“शिमगा होऊ दे, मग बघू.”

“होळी तुझ्यावाचून पेटेल. दिवस काढलेस तर अंगठ्यावर भागायचं नाय, पाय जाईल.”

त्याने समोरच्या वाटेकडे पाहिलं. घर अजून चार गोष्टी लांब होतं. “गाडी बोलाव,” तो हळूच म्हणाला.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी रक्तवाहिनी मोकळी केली. अंगठा गेला, पाय राहिला. आता पुंडलिक रोज गोळ्या घेतो आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालतो: कळ आली की थांबायचं, ओसरली की पुन्हा चालायचं. बांधावर कुणी पोटरी चोळताना दिसला, की तो स्वतःहून जवळ जातो.

“चालताना पोटरी धरते, बसल्यावर सुटते? पायाची जखम भरत नाय? मग वय झालं, मीठ लागलं असल्या गोष्टी रचू नको बाबा. दवाखान्यात जा, आणि खरं सांग. लवकर गेलास तर पाय वाचेल. माझंच बघ, कुणाला खरं वाटायचं नाय, पण मी पहिल्याच दिवशी आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेलो, आणि बिड्यांचं बंडल स्वतःच्या हातानं खाडीत फेकलं!”

“खोटं!” मागून येणारी त्याची बायको ठमाबाई म्हणाली. “अंगठा काळा पडल्यावर सगुणानं गाडीत घालून नेलं ह्यांना. आणि बंडल मी चुलीत घातलं.”