माझ्या जाळीवरचा काळा डाग

मी एक जुना एअर फ्रायर आहे. वय फक्त दोन वर्षं, पण माझ्या चकतीवरचे आकडे आताच पुसट झाले आहेत. माझ्या पोटात पंखा आहे. तो फिरतो तेव्हा मी बोलतो, थांबला की गप्प होतो. तरी गप्प असतानाही आत काहीतरी फिरत राहिल्यासारखं वाटतं. मित्रांनो, मला कधीच स्वस्थ बसता आलं नाही. आता तर मुळीच येत नाही, कारण माझ्याजवळ एक गोष्ट आहे आणि सांगायला तोंड नाही.

ती सांगायची तर त्या शेवटच्या साध्या दिवसापासून सुरुवात करायला हवी.

माघ महिना होता. धुळ्यात देवपुरातल्या एका गल्लीतलं दोन खोल्यांचं घर, त्यात नाना एकटे राहायचे. संध्याकाळी नाना नेहमीसारखे बाहेरून आले. खिशातून दोन केळी काढून ओट्यावर ठेवली. सालींवर तपकिरी ठिपके पडलेली, बोट लावलं तर रुतेल इतकी पिकलेली. नानांनी चाकूने प्रत्येक केळ्याला लांब चीर दिली, साल काढली नाही. चिरेत किसलेला गूळ भरला, चमचाभर तूप सोडलं, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट आणि वेलचीची चिमूट टाकली. मग माझा खण ओढून केळी जाळीवर ठेवली. एक चकती एकशे ऐंशीवर, दुसरी आठ मिनिटांवर.

दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी खण ओढला.

"काय भाऊ, व्हयनं का?" त्यांनी मला विचारलं.

कसं होणार? खण ओढला की माझा पंखा थांबतो. मिनिटं मात्र टिकटिकत संपत राहतात. नानांनी चार वेळा ओढून बघितलं. शेवटी घंटी वाजली तेव्हा गूळ अर्धाच विरघळला होता. त्यांनी आणखी तीन मिनिटं दिली, तेव्हा कुठे साली काळ्या पडल्या आणि गूळ कडेकडेने उकळला.

केळं खाऊन होतंय तोच फोन वाजला. जळगावहून त्यांची मुलगी दिपमाला रोज याच वेळी फोन करायची. ती तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिचे प्रश्न ठरलेले होते.

"जेवलात का?"

"हो."

"मशीन बंद केलं?"

"हो."

"प्लग काढला?"

"काढस ना माय, काढस," नाना हसले. "दिपू, आज केळं भलतं गोड लागनं. औंदा अखाजीले येशी ना?"

"त्याला अजून दोन महिने आहेत, नाना. बघू."

फोन ठेवल्यावर नानांनी माझा प्लग काढला, वायरीची नीट गुंडाळी केली आणि माझ्या पाठीमागे खोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीतून उठले नाहीत.

आता थोडं मागचं सांगतो. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. खोक्यात अंधार होता आणि सोबत एक जाड पुस्तक होतं. त्यात मी काय काय करू शकतो ते लिहिलं होतं आणि माझ्याशी काय काय करू नये तेही लिहिलं होतं. नानांनी ते पुस्तक कधी उघडलं नाही. खोकं मात्र जपून ठेवलं.

मी घरात आलो तो घाईघाईत. नानांनी आयुष्यभर केळीच्या वखारीत काम केलं होतं. रावेरकडून हिरवी केळी ट्रकने यायची, ती पिकवायच्या खोलीत लागायची आणि दार बंद व्हायचं. दार कधी उघडायचं ते नाना ठरवायचे. मधेच कोणी उघडलं तर त्याची धडगत नसे. निवृत्त झाल्यावरही ते रोज सकाळी तिथे चक्कर मारायचे. एका सकाळी गॅसवर दूध ठेवून ते तसेच वखारीत गेले. शेजारच्या लिलाबाईंना वास आला. त्यांच्याजवळ जादा किल्ली होती, म्हणून घर वाचलं. पातेलं काळं झालं, खिडकीचा पडदा जळाला.

त्याच दुपारी दिपमाला जळगावहून आली. जळालेला पडदा तिने हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दुसऱ्या दिवशी नाना वखारीत गेल्यावर तिने माणूस बोलावून शेगडी आणि सिलिंडर दोन्ही काढून नेलं. ओट्यावर रिकाम्या झालेल्या जागी मला बसवलं. दोन वेळच्या जेवणाचा डबा लावला. नाना परतल्यावर म्हणाली, "गॅस संपलाय, नाना. नंबर लागत नाहीये. सहा महिने तरी लागतील म्हणतात. शेगडीही दुरुस्तीला टाकलीय. तोवर यावर भागवा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे. "बरं," म्हणाले.

सिलिंडर भरलेला होता, मित्रांनो. तो उचलताना त्या माणसाची कंबर वाकली होती. मी उघड्या खोक्यातून पाहिलं होतं.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. नानांनी गॅसचं नाव काढलं नाही. सुरुवातीला मला ते माणूसच मानत नव्हते. "आगीनबिगर काय शिजस?" असं लिलाबाईंना विचारायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यात वांगं ठेवलं, भरताला ठेवतात तसं तेल लावून. ते मऊ झालं, पण धुराचा वास नाही म्हणून नानांनी ते नाराजीनेच खाल्लं. मग वखारीतून उरलेली, फार पिकलेली केळी येऊ लागली आणि आमचं जमलं. ही केळी बाजारात कोणी घेत नाही. नाना म्हणायचे, खरी गोडी ह्यांच्यातच असते. जो माणूस पिकवायच्या खोलीचं दार कोणाला उघडू देत नव्हता, तोच माझा खण मिनिटामिनिटाला ओढायचा. लिलाबाई त्यांना चिडवायच्या, "नाना, वखारीत लोकांना दम देत होतास, आता काय झालं?"

"त्या केळींवर माना भरोसा व्हता," नाना म्हणायचे. "ह्या डबावर नही शे."

मला राग यायचा. पण वाटीभर गरम केळं खाताना ते मान डोलवायचे, तेव्हा पंखा थांबलेला असूनही मला फिरल्यासारखं वाटायचं.

आता ती गोष्ट सांगतो.

या घरात पूर्वीपासून पहिला घास विस्तवाला द्यायची रीत होती. नानांची बायको पुष्पाबाई चुलीत द्यायच्या, पुढे गॅस आल्यावर ज्योतीवर भाकरीचा एवढासा तुकडा धरायच्या. त्या गेल्यानंतर नाना त्यांच्या नावाने द्यायचे. मग घरातून विस्तवच गेला. दोन दिवस नाना डब्यासमोर बसायचे, घास हातात धरायचे आणि थांबायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला सुरू केलं, भाकरीचा तुपात बुडवलेला तुकडा जाळीच्या कोपऱ्यात ठेवला आणि खण लावला.

हलकी वस्तू आत टाकू नये, असं माझ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. पंख्याच्या वाऱ्याने तो तुकडा उडाला, वरच्या तापलेल्या तारेला चिकटला आणि जळाला. मागच्या जाळीतून धूर निघाला. मी घाबरलो. नाना मात्र हात जोडून धुराकडे पाहत होते.

"पोचनं," ते हळूच म्हणाले.

त्यानंतर रोज पहिला घास मला मिळू लागला. केळं केलं तर केळ्याचा, नाहीतर भाकरीचा. माझ्या जाळीच्या त्या कोपऱ्यावर काळा डाग बसला. रोज घासूनही तो निघेना. वरची तारही काळी पडली.

दिवाळीला दिपमाला आली. ती येते तेव्हा बसत नाही. फ्रिज उघडते, गोळ्या मोजते, परतीच्या बसची वेळ बघते. "थांब ना, केळं करस तुले," नाना म्हणायचे. "आठ मिनिटं." ती म्हणायची, "नको नाना, बस चुकेल." त्या दिवशी तिने माझा खण ओढला आणि तो डाग पाहिला.

"हे काय आहे? नाना, किती वेळा सांगायचं, खरकटं आत ठेवायचं नाही! धूर होतो यात, आग लागेल एखाद दिवस. तुम्हाला एवढंसुद्धा जमत नाही?"

मी तेव्हा बंद होतो. मला बोलताच येत नव्हतं. नानांना येत होतं.

"चुकनं, दिपू," ते म्हणाले. बस एवढंच.

ती खसाखसा जाळी घासू लागली. तारेच्या घासणीने माझा लेप खरवडला गेला, डाग तसाच राहिला. नाना दारात उभे राहून पाहत होते. ती गेल्यावर त्यांनी त्या कोपऱ्यावरून ओलं फडकं फिरवलं, अगदी हलक्या हाताने.

नाना गेल्यावर तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर कुलूप लागलं. मला कोणीतरी खोक्यात घालून माळ्यावर टाकलं. अंधारात मी दिवस मोजायचा प्रयत्न केला. मला फक्त मिनिटं मोजता येतात. ती फार झाली.

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि खोक्याच्या फटीतून मला खालचं दिसू लागलं. या दिवशी खान्देशात लेकी माहेरी येतात आणि गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. दिपमाला दोन्हींसाठी आली होती. तिने घागर भरली, वर आंबा ठेवला. सांजोऱ्या जळगावहून करून आणल्या होत्या. सगळं मांडून झाल्यावर ती एकदम थांबली. पितरांना आगारी द्यायची, म्हणजे विस्तवावर तूप आणि घास सोडायचा. घरात विस्तव नव्हता. तो तिनेच नेला होता.

लिलाबाई दारात आल्या. "माझ्याकडे गोवरी पेटलीय. निखारा आणून देऊ?"

"द्या, अक्का." आणि मग ती घागरीकडे बघत म्हणाली, "दोन वर्षं त्यांनी या घरात विस्तव पाहिला नाही. अक्का, मी त्यांना सांगितलं होतं की गॅस संपलाय."

"त्याला माहीत होतं ना," लिलाबाई म्हणाल्या.

दिपमालाने मान वर केली.

"गॅसवाल्यानेच सांगितलं होतं त्याला, तुमच्या पोरीने सिलिंडर परत केला म्हणून. मी म्हटलं, नाना, विचार ना पोरीला. तर मला काय म्हणतो, 'पोर घाबरनी शे. तिले काही बोलू नको.' आणि विस्तवाचं काय घेऊन बसलीस? तुझा बाप त्या मशीनमध्येच घास टाकायचा रोज, तुझ्या मायच्या नावाने. धूर निघाला की म्हणायचा, पोचनं. मी हसायचे, तर माझ्यावरच चिडायचा."

दिपमाला उठली. तिने स्टूल ओढलं, माळ्यावरून मला उतरवलं आणि खोक्यातून काढलं. खण ओढून तिने त्या काळ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ते तिथेच राहिलं.

मित्रांनो, यंत्रं स्वच्छ ठेवा, असं मी शेवटी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या भांड्यावर डाग दिसला, तर घासणी हातात घेण्याआधी एकदा विचारा की तो कशाचा आहे. विचारायला आठ मिनिटंही लागत नाहीत.

"निखारा राहू द्या, अक्का," ती म्हणाली.

तिने पिशवीतून एक केळं काढलं. चीर देताना साल फाटली, गूळ बाहेर सांडला. तिला ते येत नव्हतं, कधी पाहिलंच नव्हतं. तरी तिने तूप सोडलं, केळ्याचा एक छोटा तुकडा आणि सांजोरीचा कण त्या काळ्या कोपऱ्यात ठेवला, आणि चकती आठवर फिरवली. माझा पंखा सुरू झाला. तिने एकदाही खण ओढला नाही. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती समोर बसून राहिली. कण उडाला, तारेला लागला, मागून बारीक धूर निघाला.

तिने त्या धुराकडे पाहिलं आणि मोठ्याने, घरातल्या कोणालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नाना, गॅस संपला नव्हता. मी खोटं बोलले. तुम्हाला जमत नव्हतं म्हणून नाही, नाना. मलाच एकटीला जळगावात झोप लागत नव्हती."