ओमेरची ढाबळ आणि आमची वहिवाट

माझ्या नवऱ्याला, विलफ्रीडला, पक्षाघाताचा झटका आला तो हिवाळ्यात. व्हीलचेअरवर बसून तो घरी परतला तेव्हा बागेतली सफरचंदाची झाडं फुलायला लागली होती. आमच्या पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, आणि त्या उतरलं की लगेच सायकलींचा पट्टा. तिथे गाडी थांबवून मागची फळी टाकायची, खुर्ची वर चढवायची, म्हणजे अर्ध्या गावाच्या शिव्या खायच्या. राहिलं मागचं अंगण. आणि तिकडे गाडी न्यायची वाट एकच, आमच्या आणि शेजारच्या ओमेरच्या घरांमधला खडी टाकलेला बोळ.

बोळ ओमेरच्या मालकीचा, त्यातून येण्याजाण्याची वहिवाट आमची. आमच्या खरेदीखतात तसं आहे, त्याच्याही खरेदीखतात आहे, त्यात लपवण्यासारखं कधी काही नव्हतं. वीस वर्षं विलफ्रीड रोज सकाळी त्याच बोळातून सायकल काढून छापखान्यात कामाला जायचा. तेव्हा ओमेरने कधी भुवई उंचावली नाही. पण सायकल वेगळी आणि गाडी वेगळी, असं त्याचं म्हणणं पडलं. कारण कबुतरं.

ओमेर बाउवेन्स म्हणजे आमच्या भागातला नावाजलेला कबुतरवाला. सत्तरी ओलांडलेला, काटक, टोपी झोपतानाच काढत असेल तर असेल. बोळाच्या टोकाला, त्याच्या बाजूला, कबुतरांची हिरव्या रंगाची लाकडी ढाबळ आहे. शनिवारी सकाळी शर्यतीसाठी फ्रान्समधल्या कुठल्यातरी गावी कबुतरं सोडतात आणि दुपारी ती घरी येतात. आली म्हणजे झालं असं नाही. पक्षी ढाबळीत शिरला तरच त्याची वेळ नोंदली जाते. गाडीच्या आवाजाने बिचकून तो कौलांवर जाऊन बसला, की बसला. मग खाली ओमेर हातातला दाण्यांचा डबा खुळखुळवत "ये, ये, ये" करत राहणार, आणि शेजारच्या गावातल्या कुणाचातरी पक्षी पहिला येणार.

हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की पुनर्वसन केंद्रातल्या गरम पाण्याच्या तलावात विलफ्रीडला शनिवारी सकाळचीच वेळ मिळाली होती. दुसरी नव्हतीच. मी विचारून पाहिलं, विनवण्या केल्या, नाही म्हणाले.

पहिल्या शनिवारी आम्ही परत आलो तर बोळाच्या तोंडाशी ओमेरचा ट्रेलर आडवा. तो स्वतः आत, पालथ्या क्रेटवर बसून आभाळाकडे बघतोय.

"ओमेर, तेवढा ट्रेलर काढा," मी काच खाली करून म्हटलं.

"तीन वाजता काढतो."

"तीनला? आता बारा वाजतायत."

"म्हणूनच तीनला." त्याने मान खाली केली नाही. "पक्षी येतायत."

"विलफ्रीड मागे बसलाय. त्याचे केस ओले आहेत."

"पोहायला गेलं की माणूस ओला होतोच, बाई."

वारा थंड होता. गाडीचं हीटर चालू ठेवून, विलफ्रीडच्या डोक्याला टॉवेल गुंडाळून आम्ही रस्त्याकडेला थांबलो. मागून येणारे हॉर्न वाजवत होते. विलफ्रीडला तेव्हा बोलता येत नव्हतं. एक शिवी तेवढी शाबूत राहिली होती, तीही भलत्याच वेळी बाहेर यायची, सूप आवडलं तरी तीच. त्या दिवशी तो काचेतून आभाळाकडे बघत होता, अगदी ओमेरसारखाच, आणि त्याचाही मला राग आला.

दुसऱ्या शनिवारी तेच, आणि मी त्याला नको ते बोलले. तिसऱ्या शनिवारच्या आधी मी केक घेऊन ओमेरच्या दारात गेले. माझं ते रागाचं बोलणं विसरा म्हटलं, आपण काहीतरी मार्ग काढू म्हटलं. त्याने केक घेतला. म्हणाला, "मार्ग आहे ना. शनिवारी जाऊ नका."

"त्याला सोमवारी वेळ मिळाली असती तर गेले नसते का?"

"मग रस्त्यावर उतरवा. सरकारी रस्ता सगळ्यांचा आहे."

"बोळावर आमचा हक्क आहे, ओमेर."

"पायी, हातगाडीने आणि गुरांसह," तो घडाघडा म्हणाला. त्याला ते पाठ होतं. आमच्या आधीच्या आधीच्या मालकांच्या वेळचं ते वाक्य. "मोटारीचं नाव कुठे आहे दाखवा. गाय आणा, बाई. मी स्वतः बाजूला होऊन वाट देतो."

तो हसला नाही, हे सर्वांत वाईट. त्याला ते खरोखर पटलेलं होतं.

माझी बहीण नादीन म्हणाली, घर विक. मी म्हटलं, पायऱ्या चढता येत नसलेल्या माणसाला घेऊन घरं बघत फिरू? गावातल्या बेकरीतली बाई म्हणाली, ओमेर मनाने वाईट नाही हो. हे तर मी इतक्यांकडून ऐकलं की वाईट मनाचा एखादा शेजारी मिळाला असता तर बरं झालं असतं, निदान लोक माझ्या बाजूने बोलले असते.

शेवटी मी कोर्टात गेले. आमच्याकडे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तंट्यांसाठी वेगळं कोर्ट असतं, वकील नसला तरी चालतो. न्यायाधीशबाई म्हणाल्या, कागद बघून मला हे समजणार नाही, मी जागेवर येते. आणि आल्या, कारकुनाला घेऊन, एका पावसाळी मंगळवारी.

ओमेरने दाढी केली होती. बोळ झाडून ठेवला होता, ट्रेलर गायब. न्यायाधीशबाई बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, ढाबळीत डोकावल्या, आमच्या पुढच्या पायऱ्यांवर उभ्या राहून बाजूने जाणाऱ्या सायकली पाहिल्या. मग पुन्हा बोळात आल्या. विलफ्रीडला मी मागच्या दारात खुर्चीवर आणून बसवलं होतं.

ओमेरचं बोलणं सुरू झालं. गाय, हातगाडी, मोटारीचं नाव नाही, वगैरे. न्यायाधीशबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं. मग त्याने आणखी एक काढलं, जे मला नवीन होतं. म्हणाला, ही वहिवाट तीस वर्षांत कुणी वापरलेलीच नाही, तेव्हा ती आपोआप बुडाली.

 हे असं काही असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आणि सांगणार कोण? विलफ्रीड बोलू शकत नव्हता. मी बायको, माझ्या शब्दाला काय किंमत.

न्यायाधीशबाई ओमेरकडे वळल्या. "हे गृहस्थ आजारी पडायच्या आधी कामावर कसे जायचे?"

"सायकलने."

"सायकल कुठून काढायचे?"

ओमेर ढाबळीकडे बघत राहिला. पाऊस त्याच्या टोपीवरून गळत होता. मला वाटलं, आता हा बिनदिक्कत खोटं बोलेल, आणि मी काहीही करू शकणार नाही.

"इथून," तो म्हणाला. "रोज. शिट्टी वाजवत जायचा."

कारकुनाने ते लिहून घेतलं. निकाल तिथेच झाल्यासारखा होता. तीन आठवड्यांनी कागद आला: खुर्ची आणि ती नेणारं वाहन ही आजच्या काळातली हातगाडीच, वाट कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी मोकळी असली पाहिजे, त्यात काही ठेवायचं नाही, न पाळल्यास दंड. नादीनने फोनवर विचारलं, "झालं ना मग मनासारखं?" मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी मी वाइनची बाटलीही उघडली.

पुढच्या शनिवारी बोळ मोकळा होता. गाडी आत घातली, फळी टाकली, विलफ्रीड घरात. ओमेर ढाबळीपाशी पाठ करून उभा. त्याची दोन कबुतरं आमच्या कौलांवर बसलेली. 

सोमवारी तो खांब रोवायला लागला.

आता इथे एक सांगायचं राहिलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ढाबळ समोर दिसायची. मी सकाळी विलफ्रीडला तिथे बसवायची, कारण उजेड असतो. कबुतरं बाहेर पडायची, घिरट्या घालायची, ओमेर डबा खुळखुळवून त्यांना बोलवायचा, आणि विलफ्रीड तासन् तास ते बघायचा. आणि मे महिन्यात एका सकाळी, मी भांडी विसळत असताना, मागून आवाज आला, "ये. ये. ये." माझ्या हातातला कप सिंकमध्ये पडला. शिवीखेरीज त्याच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. वाचा शिकवायला येणारी बाई इतकी खूश झाली की तिने मला मिठी मारली. मी पण रडले. मनात मात्र आलं, सव्वीस वर्षं माझ्याशी बोलतोयस, आणि पहिला शब्द सुचला तो त्या माणसाचा. तरी त्या "ये"वरून हळूहळू "घे" आला, "दे" आला, आणि जूनमध्ये एकदा, वाकडंतिकडं का होईना, माझं नाव.

ओमेरने बोळाच्या आपल्या कडेला, वहिवाट सोडून पूर्णपणे आपल्या जागेत, कायद्याने चालते तेवढ्याच उंचीची प्लास्टिकच्या हिरव्या पट्ट्यांची भिंत उभारली. खिडकीतून आता भिंत दिसत होती आणि तिच्यावर आभाळाची एक पट्टी. विलफ्रीड पहिल्या दिवशी तिच्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची वळव म्हणून हाताने खूण केली. त्या आठवड्यात तो काही बोलला नाही. वाचावाली बाई म्हणाली, असे दिवस येतात. मला माहीत होतं ते दिवस कुठून आले.

मी ओमेरला फाटकापाशी गाठलं. "एक पट्टा काढा. फक्त एक, खिडकीसमोरचा. त्याला तुमचे पक्षी बघायला आवडतात."

तो खरोखर गोंधळला. क्षणभर मला वाटलं, काढेल. "माझे पक्षी?"

"दुसऱ्या कुणाचे?"

मग त्याचा चेहरा पुन्हा बंद झाला. "गाडीच्या आवाजाला आडोसा म्हणून घातलीय. गाडी तर तुम्ही आणणारच. माझ्या जागेत आहे ना? कायद्याने वागायला तुम्हीच शिकवलंत, बाई."

 त्याचं बरोबर होतं. घरी येऊन मी बटाटे सोलायला घेतले आणि अर्धे बटाटे सालींबरोबरच गेले.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी तलाव दुरुस्तीसाठी बंद होता. दुपारी मी विलफ्रीडला कोट घातला, मागच्या दाराने बाहेर काढलं आणि बोळाच्या मध्यावर, जिथून भिंत संपते आणि ढाबळ दिसते, तिथे खुर्ची लावली. ब्रेक ओढला.

ओमेर क्रेटवरून उठला. "हे काय?"

"वहिवाट."

"वहिवाट जायला असते. थांबायला नाही. नीट वाचा जरा, येणे-जाणे लिहिलंय. उभं राहणे लिहिलेलं नाही."

मी ब्रेक सोडला. "बरं. मग जातोय."

आणि मी खुर्ची ढकलत रस्त्यापर्यंत गेले. तिथे वळले, परत अंगणापर्यंत आले. पुन्हा वळले. खडीत चाकं रुतत होती, माझी पाठ भरून आली, विलफ्रीड हिंदकळत होता आणि त्याने ती शिवी दोनदा दिली, मला की ओमेरला कळलं नाही. मी थांबणार नव्हते. आतापर्यंतचा सगळा राग माझ्या दंडांत उतरला होता. हवं तर संध्याकाळपर्यंत येणार-जाणार होते.

ओमेर कमरेवर हात ठेवून बघत होता. तेवढ्यात त्याची मान वर गेली. दक्षिणेकडून एकच पक्षी येत होता, खाली, वेगात. ढाबळीवर येऊन तो उतरायला लागला, खाली खडी करकरली, आणि तो वळला. एक घिरटी. पुन्हा खाली आला, पुन्हा वळला आणि आमच्या कौलांवर जाऊन बसला.

"थांबा," ओमेर म्हणाला.

मी ढकलत राहिले. "थांबायचा हक्क नाही आम्हाला."

"मार्लीन." तो मला नावाने कधी हाक मारत नसे. "एका जागी थांबा. तुम्ही हलताय म्हणून तो घाबरतोय. उभे राहा तिथेच. मी सांगतोय ना."

मी थांबले. मला धाप लागली होती. विलफ्रीडची नजर कौलांवर होती. ओमेरने डबा हलवला आणि बोलवायला लागला, आणि खुर्चीतूनही बोलावणं सुरू झालं, जाडसर, अडखळत. ओमेरने वळून विलफ्रीडकडे पाहिलं. मग पुन्हा वर. दोघंही बोलवत होते. पक्षी उतरला तो बऱ्याच वेळाने, आपल्या मर्जीने. ढाबळीच्या फळीवर चालला, आत शिरला. वेळ नोंदणारं यंत्र टिंग करून वाजलं.

त्यानंतर ओमेर आत गेला आणि बाहेर आलाच नाही.  मीही कशाची वाट पाहत होते कोण जाणे. थोडा वेळ थांबून विलफ्रीडला घरात घेतलं.

मंगळवारी बेकरीत कळलं, तो पक्षी नववा आला होता. ओमेरने कबुतरवाल्यांच्या क्लबात सगळ्यांना सांगितलं होतं की शेजारणीने मुद्दाम खुर्ची फिरवून नंबर घालवला. बेकरीतली बाई पाव बांधता बांधता म्हणाली, "असं करायला नको होतं हो, मार्लीन. म्हातारा माणूस आहे." मी पैसे दिले आणि सुटे न घेताच बाहेर पडले.

भिंत आहे तशीच आहे. कचऱ्याचा डबा तो हल्ली बोळाच्या अगदी कडेला ठेवतो, वहिवाटीच्या हद्दीबाहेर जेमतेम चार बोटं, म्हणजे गाडी घालताना मला तीनदा मागेपुढे करावं लागतं. त्याबद्दल कोर्टात जाता येत नाही, मी विचारून आले. शनिवारी तलावावरून आलो की मी विलफ्रीडला कोरडं करते, कोट घालते आणि खुर्चीसह बोळात नेऊन बसवते. ओमेर बघत नाही. जा म्हणत नाही. मागच्या खेपेला वारा होता, मी शाल आणायला आत गेले आणि परत आले तर विलफ्रीडच्या मांडीवर दाण्यांचा डबा होता, आणि ओमेर पलीकडे पाठ करून क्रेट घासत होता. मी शाल गुंडाळली, डबा तसाच मांडीवर राहू दिला. मग गाडी नीट लावायला गेले, आणि मागे घेताना आरसा त्याच्या कचऱ्याच्या डब्याला घासला.