पुढे वाचा

माझी मावशी ड्रायव्हिंग शिकवायची. शिकायला येणारे तिला तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे हाफ-क्लच बाई, कारण चढावर गाडी मागे घसरायला लागली की तिचा एकच पुकारा असायचा, "हाफ क्लच, हाफ क्लच, घाबरू नकोस, मी आहे." काचा बंद असल्या तरी तो आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा रडली नाही, ओरडली.

त्या मावशीला घशाचा कर्करोग झाला आणि तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशन चांगलं झालं, गाठ पुरती निघाली, आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. आता ती गळ्याच्या तळाशी ठेवलेल्या एका छिद्रातून श्वास घेते आणि त्यावर मऊ सुती रुमाल बांधते. बोलू मात्र शकत नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते आणून पाहिलं. त्यातून निघालेलं पहिलंच वाक्य ऐकून तिने ते बंद केलं, खोक्यात घातलं आणि खोकं कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर सारलं. मोबाइलवर टाइप करायचं म्हटलं तर चष्मा शोधण्यापासून तयारी. शेवटी पुसता येणारी पांढरी पाटी आणि एक जाड पेन यांवर गाडं आलं.

पाटीची अडचण अशी, की माणसांना धीर नसतो. मावशीने दोन शब्द लिहिले की समोरचा तिसरा आपणच बोलून मोकळा. बहुतेक वेळा तो बरोबरही असायचा, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. यात सगळ्यात पटाईत आमचे काका, मावशीचे यजमान. काका कवळ्या बनवतात. नुसत्या हिरड्यांच्या साच्यावरून त्या माणसाचं हसू कसं असेल हे ओळखायचं, हा त्यांचा धंदा. मावशीने 'च' काढला की ते चहा टाकायला उठत. पुढची अक्षरं तिने लिहायची गरजच उरत नसे. त्यांना वाटायचं, बिचारीचे तेवढेच कष्ट वाचले.

मग मावशीची गाडी विकली गेली. शिकवणीची गाडी होती ती, शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असलेली. काका ज्याला त्याला सांगायचे, "विषय तिनेच काढला. मी होऊन कधी म्हटलं नसतं." मावशी तिथेच बसलेली असायची. ती हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. आम्ही समजलो की तिला फार लागलंय, म्हणून तो विषय टाळायला लागलो.

काही महिने गेले आणि एक दिवस ती माझ्या ऑफिसात येऊन उभी राहिली. मी वेबसाइट बनवते, दवाखान्यांच्या, दुकानांच्या, कुणाच्या शिकवणीवर्गाच्या. तिने पिशवीतून पाटी काढली आणि लिहिलं, 'मला ब्लॉग'.

"वाचायचाय? कुठला?" मी म्हटलं.

तिने हाताचा पंजा वर केला. शिकाऊ माणूस सिग्नल तोडायला निघाला की असाच करायची. मी गप्प झाले. तिने सावकाश पुढचं लिहिलं. 'मला ब्लॉग लिहायचा आहे. तो दिसायला कसा असेल ते मी ठरवणार.'

त्यानंतर रविवारी दुपारी मी तिच्याकडे जायला लागले. त्यांचा कॉम्प्युटर काकांच्या कामाच्या खोलीत आहे. तिथे टेबलावर प्लास्टरचे साचे मांडलेले, मेण वितळवायचा छोटा दिवा, आणि सगळीकडे पांढरी भुकटी. खिडकीशी बसून काका मेणाच्या हिरड्या कोरायचे आणि आम्ही दोघी पडद्यासमोर.

मी तयार नमुने दाखवत गेले. काळ्या पार्श्वभूमीचा एक होता, तो पाहून तिने लिहिलं, 'शोकसभा आहे का?' फुलांच्या किनारीचा दाखवला, तर 'साबणाचं वेष्टन'. एकात वर मोठी चित्रं आपोआप सरकत होती. ते बघून ती खरंच चिडली. 'वाचणाऱ्याच्या हातातलं स्टिअरिंग कशाला ओढतेस?' मग मी ते काढलं. बाजूची पट्टी काढली. लेखाच्या डोक्यावर 'वाचायला लागणारा वेळ' असं येत होतं, त्यावर तिने बोट ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेही काढलं.

अक्षर निवडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मला बारीक, नाजूक अक्षर आवडतं. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून ते पाहिलं आणि म्हणाले, "हिरड्यांनी सोडून दिलेल्या दातांसारखं दिसतंय. प्रत्येक अक्षर हलतंय." मावशीने त्यांच्या बाजूने मान डोलावली. शेवटी ठसठशीत, चांगलं मोठं अक्षर ठरलं, किंचित पिवळसर पांढऱ्यावर काळं.

फोटोवरून थोडी कुरबुर झाली. काका कपाटातून एक फोटो घेऊन आले. गाडीच्या दाराला टेकून मावशी उभी, तोंड उघडं, कुणाला तरी काहीतरी दरडावते आहे. "हा लाव वर," ते म्हणाले. "ही खरी ती."

मावशीने फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग उलटा करून टेबलावर ठेवला आणि लिहिलं, 'नको. फोटो'. काका म्हणाले, "फोटोत जाड दिसतेस म्हणून?" ती थांबली, सगळं पुसलं, आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. 'नको. फोटो बघून लोक आधीच ठरवून टाकतात आणि मग वाचत नाहीत.' काकांनी फोटो उचलून परत कपाटात ठेवला.

पान जवळजवळ तयार झालं तेव्हा मी तिच्याकडे मजकूर मागितला. तिने चष्मा लावून, एका बोटाने टाइप केलेले काही लेख एका फाइलमध्ये ठेवले होते. आमच्या कामात मजकूर आधी वाचत नाहीत, नुसता ओतून बघतात, कसा बसतो ते. मीही तसंच केलं. मग पहिलं पान उघडून पडदा दोघांकडे वळवला.

सगळ्या ब्लॉगांवर असतं तसंच ते होतं. प्रत्येक लेखाचं नाव, खाली सुरुवातीच्या दोन ओळी, आणि त्या संपतात तिथे 'पुढे वाचा' असं बटण. ओळी कुठे तोडायच्या हे यंत्र ठरवतं, अक्षरं मोजून.

काका मेण कोरायची सुरी हातात घेऊनच उठले आणि माझ्या खांद्यावरून मोठ्याने वाचायला लागले. "ऑपरेशननंतर पहिल्यांदा बरं वाटलं त्या दिवशी मी पाटी घेतली आणि ह्यांच्यासमोर बसले. मी लिहिलं, मी आता गाडी..."

तिथे ओळ संपली होती.

"विकून टाकते," काका म्हणाले. अगदी सहज, रोजच्यासारखं.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. पाटी शेजारीच होती, तिने ती घेतली नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "असंच होतं ना?"

तिने पडद्यावरच्या त्या बटणावर बोट टेकवलं. काकांनी माझ्या हाताखालून माउस घेतला आणि ते दाबलं.

पुढचं त्यांनी मोठ्याने वाचलं नाही. मी वाचलं, त्यांच्याबरोबरच.

'मी लिहिलं, मी आता गाडी चालवू शकते असं डॉक्टर म्हणाले. पण गाडी या शब्दापर्यंतच पोचले होते. हे म्हणाले, विकून टाकूया ना? मी कधीपासून म्हणणार होतो, तुला वाईट वाटेल म्हणून गप्प होतो. आणि त्यांनी लगेच फोन उचलला. मी पाटी त्यांच्या तोंडासमोर धरायला हवी होती. धरली नाही. कितीतरी दिवसांनी ह्यांचा चेहरा सैल झाला होता. मी एकटी गाडी घेऊन बाहेर आहे, वाटेत श्वास कोंडला आहे आणि हाक मारायला आवाज नाही, ही भीती हे रोज मुकाट्याने गिळत होते, ते मला त्या क्षणी दिसलं. म्हटलं, झोपू दे ह्यांना एक रात्र स्वस्थ. मग गिऱ्हाईक आलं. मग किल्ली गेली. वाक्य माझ्याकडेच राहिलं.'

काकांचे ओठ हलत होते. शेवटपर्यंत पोचल्यावर ते पुन्हा वर गेले आणि परत खाली आले. मी टेबलाखालच्या वायरी तपासल्यासारखं केलं.

काका स्टुलावर बसले. हातातली सुरी त्यांनी साच्यांच्या ओळीत नीट ठेवली. "म्हणजे मी तुझी..." ते म्हणाले आणि अडकले. "मी तर..."

मावशीने त्यांना शब्द पुरवला नाही. ती वाट बघत बसली.

"मला सांगितलं का नाहीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

तिने पाटी मांडीवर घेतली. काका तिच्या हाताकडे बघत नव्हते, खाली जमिनीकडे बघत होते. पेन थांबल्याचं कळलं तेव्हाच त्यांनी मान वर केली. तिने लिहिलं होतं, 'सांगितलं असतं तर गाडी राहिली असती आणि तुमची झोप गेली असती. पण मला राग आला होता. अजून आहे.'

काकांनी ते वाचलं. "असू दे," ते म्हणाले. "राग असू दे." आणि उठून आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालू होता. मावशीने मला खुणेनेच सांगितलं, तू आता जा.

पुढच्या रविवारी मी जरा भीतभीतच गेले. काका खिडकीशी बसून एका कवळीला पॉलिश करत होते, मावशी भाजी निवडत होती. मी वाटेत ठरवून आले होते. म्हटलं, "मावशी, तो लेख आपण खाली टाकूया. पहिल्यांदा दुसरा कुठलातरी येऊ दे."

मावशीने पेन उचललं नाही. तिने काकांकडे पाहिलं. ठरवायचं ते तुम्ही ठरवा, असा त्याचा अर्थ होता.

"सगळ्यांना दिसणार ते?" काकांनी मला विचारलं.

"हो."

"माझ्याकडे दात बसवायला येतात त्यांनाही?"

"ज्याला पत्ता माहीत असेल त्याला."

ते कवळी कापडाने पुसत राहिले. मग म्हणाले, "राहू दे वरच. पण ते बटण काढ."

"कुठलं?"

"ते पुढे वाचाचं. तूच मागे म्हणालीस, लोक दोन ओळी वाचतात आणि सटकतात. तेवढंच वाचून गेले तर मी कोण, बायकोची गाडी विकून टाकणारा. तो मी आहेच, ते मी नाकारत नाही. पण मला भीती वाटायची हे तिने खाली लिहिलंय. मी स्वतः ते कधी कुणाला बोललो नव्हतो, तिलासुद्धा नाही. ते वाचल्याशिवाय कुणी जाता कामा नये."

मी त्यांना समजावून सांगितलं. सगळे लेख अख्खे एकाखाली एक घातले तर पान लांबलचक होईल, लोक कंटाळतील, दमतील. आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही.

मावशीने पाटीवर लिहिलं, 'दमू देत.'

मग मी बटण काढलं. पहिल्या लेखाचं शेवटचं वाक्य आलं की तिथे तिला मोकळी जागा हवी होती. मी जागा वाढवत गेले आणि ती पुढे, अजून पुढे, अशी हात हलवत राहिली, गाडी मागे घेणाऱ्याला दाखवतात तशी. तिचा पंजा वर झाला तिथे मी थांबले. ब्लॉगला डोक्यावर नुसतं नाव आहे, चित्र नाही, रंग नाही, काही सरकत नाही. माझ्या कामाचे नमुने मी गिऱ्हाइकांना दाखवते त्यांत तो नसतो. कुणी तसा मागणार नाही.

वाचणारे फार नाहीत. मावशीच्या हाताखाली शिकलेल्या काही बायका आहेत, त्यांच्या ओळखीपाळखीचे आहेत. एका बाईच्या वडिलांचं असंच ऑपरेशन झालं होतं. तिने विचारलं, बाबा पाटीवर लिहायलाच तयार नाहीत, काय करू? मावशीने तिला उत्तर म्हणून एक अख्खा लेख लिहिला.

गाडी परत आली नाही. ज्या ड्रायव्हिंग स्कूलने ती घेतली त्यांनी तिचा रंगही बदलला. मावशी आता अधूनमधून माझी गाडी चालवते. काका शेजारी बसतात आणि सगळा रस्ता उजव्या पायाने खालचा पत्रा दाबत राहतात. माझ्या गाडीत त्या बाजूला ब्रेक नाही, हे त्यांना माहीत आहे. मावशीचा राग गेला की नाही, ते मी विचारलेलं नाही.

परवा ती दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. सगळ्यांची पानं वाढून झाली, जेवणं सुरू झाली, आणि दोन घास खाऊन मावशीने पाटी पुढे ओढली. तिने लिहिलं, 'भाजीत'.

"तिखट झाली का गं?" आई लगेच म्हणाली. "तुझ्या घशाला झोंबली असेल. थांब, तुला दही आणते."

"ताई, बसा," काका म्हणाले. "ती लिहितेय."

आई अर्धवट उठली होती, तशीच खाली बसली. बाबांचा घास हातातच राहिला. मावशीने अजिबात घाई केली नाही. एक शब्द पुसून नीट काढला, शेवटी पूर्णविरामही दिला, आणि मग पाटी आमच्याकडे वळवली.

'भाजीत मीठ नाही आणि तुम्ही सगळे मुकाट्याने खाताय.'

आईने स्वतःच्या पानातली भाजी चाखून पाहिली आणि मिठाची बरणी आणायला आत गेली.