तिसऱ्या हाकेपर्यंत

यांनी बहारीनहून येताना उमासाठी बाहुली आणली नाही, नारिंगी जाकीट आणलं. आत फोम भरलेला, छातीवर पट्टे, मानेमागं उभी कॉलर, आणि कॉलरला दोरीनं बांधलेली शिट्टी. मूल पाण्यात पडलं तर तोंड वर राहावं म्हणून. चार वर्षांच्या उमाला ते इतकं आवडलं की ती ते घालूनच जेवायला बसायला लागली. मला मात्र ते रिकामं खुंटीवर टांगलेलं बघवायचं नाही. मूल निसटून गेलं आणि मागं नुसता आकार राहिला, तसं ते दिसायचं. येता-जाता मी ते उलटं करून ठेवायची, पाठ माझ्याकडं.

हे बहारीनला एका डच माणसाच्या खाजगी बोटीवर इंजिन सांभाळायचे. सोलापुरात गिरणीत फिटर होते, तिथून आखातात गेले आणि असे पाण्यावर पोचले. आमच्या घराण्यात मेंढरांमागं चालणारी माणसं. बोटीवर गेलेले हे पहिलेच. त्या वर्षी सुएझ कालवा पुन्हा उघडला होता. मालकाच्या मनात होतं, मस्कत, एडन करत, तांबड्या समुद्रातून वर ग्रीसपर्यंत रमतगमत जायचं. मालकिणीला सोबत हवी होती. तीच म्हणाली, तुझ्या बायकोला आणि मुलीला घेऊन ये.

मी बी.ए. झालेली, तेही भूगोल घेऊन. तो सगळा रस्ता मला परीक्षेत काढता आला असता. पण नकाशात निळा रंग भरणं वेगळं आणि त्या निळ्यात आपलं पोर उभं करणं वेगळं. मी यांना रोज प्रश्न विचारायची. कठडा किती उंच? उमाच्या गळ्याइतका. मग खालून निसटली तर? खालून जाळी लावली आहे. वादळ आलं तर? बंदर सोडायच्या आधी हवामान ऐकायचं, आणि शंका असली तर निघायचंच नाही. मालक ह्यात लई कडक हाय. अनोळखी बोट जवळ आली तर? पोरंबाळं खाली, दिवे लावायचे, वायरलेसवर बोलायचं. रात्री? अंधार पडला की कंबरेच्या पट्ट्याला दोरी, दोरी बोटीला. कुणी एकटं वर जायचं नाही.

"आणि सगळ्यात मोठं म्हणजे हाक," हे म्हणाले. "मालक सुकाणूवर असतो. त्याला मागं वळून बघता येत नाही. तो एकेकाचं नाव घेतो, आणि ज्याचं नाव घेतलं त्यानं लगेच ओ द्यायची. ओ आली नाही, तर माणूस पाण्यात गेलं असं धरायचं. बोट फिरवायची. दुसरी हाक म्हणजे उशीर झाला, शालन."

स्वयंपाकघरात सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पहिल्या हाकेला?" त्या म्हणाल्या. "दिवेलागणीला बी?"

"दिवेलागणीला तर जास्तच, आई."

त्यांच्या घरातला नियम यांना माहीत होता, मलाही लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. तिन्हीसांजेनंतर कुणी नावानं हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. ते जे असतं, ते दोनदाच बोलावतं. तिसरी हाक माणसाची.

यांच्याआधी सासूबाईंना एक मुलगा होता, बिरप्पा. सात वर्षांचा. मेंढरं घेऊन ते भीमेच्या काठाला उतरले होते. सासूबाई चुलीपाशी होत्या, बिरू कोकरं कोंडत होता. अंधार पडता पडता त्यानं मान वर केली, "ओ, आलो की," म्हणाला आणि पाण्याकडं चालत गेला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पुढं तो सापडलाच नाही, कपडासुद्धा नाही. त्यानंतर हे झाले, आणि मरणानं वळून बघू नये म्हणून यांचं नाव धोंडप्पा ठेवलं.

सासूबाईंनी आधी यांना आणि मग उमाला ते शिकवलं होतं. शिकवायची रीत म्हणजे खेळ. भिंतीआड उभं राहून संध्याकाळी हाक मारायची, "उमेऽ." पोरगी गप्प. पुन्हा, "उमेऽ." पोरगी गप्प, नुसती बोटं मुडपत. तिसऱ्या हाकेला ओ दिली की गुळाचा खडा. मी हसायची. पण मला त्यात एक बरं वाटायचं, हेही खरं. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात कोण कुणाला बोलावतंय कळत नाही, आणि पोर कुणाच्याही हाकेला दाराबाहेर पळत नाही, हे काही वाईट नव्हतं.

रविवारी हे आम्हाला हिप्परग्याच्या तलावावर घेऊन गेले. ओळखीच्या एका कोळ्याची होडी घेतली. उमाला जाकीट घातलं, पट्टे मी दोनदा तपासले. हे पुढं तोंड करून वल्ही मारत बसले, आमच्याकडं पाठ. मुद्दामच.

"आता मी मालक," ते म्हणाले. "शालन!"

"ओ!" लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी असं मोठ्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं. मला लाजल्यासारखं झालं.

"उमे!"

"ओऽ बाबा!" ती तर किंचाळलीच.

असं बराच वेळ चाललं. ऊन उतरलं. पाणी आधी तांबूस झालं, मग राखेसारखं. काठावरची बाभळीची झाडं एकमेकांत मिसळली. मी म्हटलं, चला आता. यांनी होडी काठाकडं वळवली आणि वळवता वळवता हाक मारली, "उमे!"

उत्तर आलं नाही.

मी बघत होते. पोर माझ्या शेजारी बसलेली. ओठ घट्ट मिटलेले, डोळे पाण्यावर, आणि तिनं एक बोट मुडपलं.

"उमे!"

दुसरं बोट. आणि मी? मी तरी "आहे हो इथं" म्हणायचं की नाही? माझ्याही तोंडातून शब्द निघेना. हे पाठमोरे, अंधार पडलेला, आणि ती हाक यांच्या पाठीकडून आल्यासारखी वाटेना. ती पाण्यावरून आल्यासारखी वाटली.

यांनी वल्हं टाकलं आणि एकदम वळले. होडी एका अंगाला गेली. पाणी आत आलं, माझ्या मांडीपर्यंत गार. उमा घसरली. मी तिच्या जाकिटाची कॉलर पकडली, यांनी मला पकडलं. होडी कशीबशी सावरली. मग यांनी उमाच्या कानशिलात मारली. जन्मात पहिल्यांदा.

"अहो! तिला काय मारता? तिला शिकवलंय तसं!"

"मला ठाऊक हाय की," ते म्हणाले. "मी पण तसंच केलं होतं. पहिल्या महिन्यात, मस्कतजवळ. मालकानं हाक मारली, मी तिसरीची वाट बघत गप्प. त्यानं बोट फिरवली, बुडणाऱ्यानं धरायचं तरंगतं कडं टाकलं, बत्ती मारून पाण्यात शोधत बसला. आणि मी मागं उभा. तो रडत होता, शालन. गोरा माणूस, माझ्यासाठी."

घरी आल्यावर यांनी ठरवून टाकलं. रोज तिन्हीसांजेला, बरोबर त्याच वेळी, उमाला हाक मारायची आणि पहिल्या हाकेला ओ आली पाहिजे. सासूबाई गूळ द्यायच्या, हे लिमलेटच्या गोळ्या द्यायला लागले. पहिले दोन दिवस ती गोंधळली. एकदा आजीकडं बघायची, एकदा बापाकडं. मग तिला जमलं. पोरांना काय, नवा खेळ. "उमे" म्हणायचा अवकाश, की "ओ!"

सासूबाई उंबऱ्याशी बसून ते बघायच्या. एकदा म्हणाल्या, "धोंड्या, तू तिचं कान उघडं टाकतुयास."

"तितं उघडंच लागतात, आई."

"तितं. पर पोरगी अजून हितं हाय."

मला दोघांचंही पटायचं, आणि तेच वाईट होतं. दोघंही तिला पाण्यापासून वाचवत होते.

यांना कागदपत्रांसाठी मुंबईला जावं लागलं. घरात आम्ही तिघी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. आमच्या गल्लीत वीज जाणं म्हणजे नुसता अंधार नव्हे; माग बंद पडतात. सतत कानात असलेला खडखडाट तुटतो आणि त्या जागी भोक पडल्यासारखं होतं. शेजारच्या सुंदरम्मा त्यांच्या तेलुगूत कुणावर तरी ओरडल्या, दार लागलं, आणि मग काहीच नाही. मी कंदिलाची काच पुसत होते. उमा जमिनीवर बसून चिंचोके मांडत होती.

"उमे."

यांचा आवाज. परसाच्या बाजूनं. मोठ्यानं नाही, प्रवासातून दमून आल्यावर दाराशी मारतात तशी हाक. मला आधी आनंदच झाला. मनात आलं, आले वाटतं, आणि पाठोपाठ आलं, की परसातून कसे? तिकडं वाट नाही. तिकडं फक्त न्हाणी आणि सुंदरम्मांची भिंत.

उमानं मान वर केली. "ओ—"

मी झेप घेतली. तिच्या तोंडावर हात दाबला. काच फुटली. तो शब्द माझ्या तळव्यात गरम वाफेसारखा लागला, पण तो सगळाच माझ्या हातात राहिला की थोडा बाहेर गेला, ते मला आजही सांगता येणार नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"गेली का ओ?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, आत्याबाई. यांचा आवाज होता. तुम्ही ऐकलात ना? यांचाच—"

"धोंड्याचा न्हवं," त्या म्हणाल्या. "बिरूचा हाय. मला इतक्या वर्सांनी बी कळंना व्हय?"

उमा माझ्या हाताखाली धडपडत होती, बाबांकडं जायला. तिच्या अंगात एवढा जोर कधी नव्हता. तिचे पाय परसाच्या दाराकडं सरकत होते आणि मी तिला धरून बसले होते. मला एकच कळत होतं, दुसरी हाक आली की माझ्यानं ही आवरणार नाही.

तेव्हा सासूबाई परसाच्या दाराकडं गेल्या. ज्या बाईनं तीस-पस्तीस वर्षं तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला कधी ओ दिली नव्हती, त्या बाईनं कडी काढली, दार उघडलं, आणि मोकळ्या गळ्यानं म्हटलं, "ओ! आले रं बिरू. मी हाय की हितं."

आणि त्या उंबऱ्यावर बसल्या.

उमाचं अंग एकदम सैल पडलं. ती माझ्या मांडीवर झोपूनच गेली. दाराबाहेर मला काही दिसलं नाही. न्हाणीचा दगड दिसत होता, तो ओला होता. पण तो तर नेहमीच ओला असतो.

हे परत आले तेव्हा मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी एवढंच विचारलं, "कुणाच्या आवाजात?"

"तुमच्या."

त्यांनी हातातली टोपी खाली ठेवली. मग म्हणाले, "न्यायचं का नाही ते तू ठरव. मी काय बोलणार नाही."

मी ठरवलं. समुद्राची भीती गेली म्हणून नाही, ती आहेच. पण उमा आता पहिल्या हाकेला ओ देणारी पोर झाली होती, आणि अशा पोरीला ह्या घरात ठेवता येणार नव्हतं. बोटीवर हाक मारणारी चारच माणसं, मालक, मालकीण, हे आणि मी, आणि चौघंही जिवंत. हा हिशेब मी मनात पुन्हा पुन्हा मांडला.

सासूबाईंनाही तेच हवं होतं. "घिऊन जा. लांब जा. तितं ह्याची हाक पोचायची न्हाई." त्या रोज तिन्हीसांजेला परसाच्या उंबऱ्यावर बसायला लागल्या होत्या. माग चालू असायचे, त्यामुळं मला पलीकडचं काहीच ऐकू यायचं नाही. फक्त त्यांचंच बोलणं कळायचं. "व्हय रं... न्हाई, ती खेळाया यायची न्हाई... जेवलास का?... गार लागतंय व्हय?" आवाज दुःखाचा नव्हता. बऱ्याच दिवसांनी माहेरचं कुणी भेटल्यासारखा होता. ते ऐकून मला भीती वाटायची, आणि मी त्यांना उठवायचं धाडस केलं नाही.

निघायच्या दिवशी टांगा संध्याकाळीच आला. गाडीची वेळच तशी होती. ट्रंका चढवल्या. मी सासूबाईंना म्हटलं, "स्टेशनापर्यंत तरी चला. इतक्या लांब जातोय आम्ही."

"मी उठले तर हाक कुनी घ्यायची?" त्या म्हणाल्या. उमाच्या गालावरून हात फिरवून त्यांनी बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली आणि परसाकडं गेल्या.

हे टांगेवाल्याशेजारी बसले. त्यांनी मागं बघितलं नाही. पेठ संपली, मागांचा आवाज मागं पडला, घोड्याच्या टापा तेवढ्या राहिल्या. उमा माझ्या मांडीवर मागं तोंड करून बसली होती, रस्त्याकडं बघत.

"आई," ती म्हणाली, "आज मला हाक नाही मारली."

मी तिला जवळ ओढलं. "नाही ना? बरं झालं."

"आजीला मारली," उमा म्हणाली. "आजी गेली पण."

मी यांच्या पाठीकडं बघितलं. यांनी ते ऐकलं होतं. यांचे खांदे एकदा वर झाले, आणि मग यांनी टांगेवाल्याच्या हातावर हात ठेवून टांगा थांबवला.