मरणा, नावानं बोलाव

चिंधूचं नाव चिंधू पडलं ते लाडानं नव्हे, भीतीनं. त्याच्या आधीची लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून त्याच्या मायनं, सीताबाईनं, याला जन्मताच उकिरड्यावर टाकलं. शेजारणीनं उचललं अन् विचारलं, "कोनाचा कचरा हाये?" सीताबाई तोंड फिरवून म्हणाली, "कोनाचाच नाई." मग मूठभर कोंडा देऊन तिनं आपलंच पोरगं विकत घेतलं. मरण म्हणे नाव ऐकून आत शिरतं. चिंधी, कचरा असलं काही कानी पडलं की नाक मुरडून पुढच्या घरी जातं. वा रे मरण! त्यालाही विटाळ होतो.

तर चिंधू जगला. वणा नदीच्या अलीकडे त्याची वस्ती, पलीकडे हिंगणघाट. तिथल्या जिनात तो कापसाचे बोजे वाहायचा आणि यंत्रांच्या धडधडीवर गाणी जुळवायचा. नागपूरला दीक्षा घेऊन आला, घरातले देव नदीत सोडले. पुढच्या वर्षी पोरगी झाली, तिचं नाव त्यानं छाती काढून ठेवलं: विशाखा. आणि यंदा वैशाखात, बुद्धजयंतीच्या मांडवात, साऱ्या वस्तीपुढं गाणं म्हटलं:

मरणा, तू आलता माह्या झोपडीच्या दारी,
चिंधी पाहून थुकला अन् फिरला माघारी.
आता चिंधी नाई मी, हाये मी मानूस,
नावानं बोलाव मले, चोरावानी नोको येऊस.

लोक उठून उभे राहिले. जयंती मंडळाचे रूपराव ओरडले, "मरनाची टोपी उडवली लेका तू!" चिंधूलाही तसंच वाटलं. ज्याला मरणसुद्धा माणूस समजत नाही, त्याचं जगणं ते काय जगणं? चिंधी होऊन शंभर वर्षं काढण्यापेक्षा नावानिशी मेलेलं बरं. हे असं वाटणं लई सोपं असतं. समोर टाळ्या पडत असतात आणि घरी पोरगी दूध पिऊन निवांत झोपलेली असते.

मांडवाचे बांबू निघाले नाहीत तोच विशाखाला हगवण लागली. रात्रीतून पोर पिळून काढल्यासारखी झाली. डोळे खोल गेले, टाळू बसली. वैदूचा काढा जसा पाजला तसाच बाहेर आला. सकाळी रडायचीही थांबली, तेव्हा सीताबाई दारात येऊन उभी राहिली.

"चिंध्या, पोरीले उकिरड्यावर ने. शेजारची कमलाबाई उचलते, मी सांगतलं तिले."

"माय, दीक्षा घेतली आपन. ते सोडलं."

"तू सोडलं. मरनानं कुठी घेतली दीक्षा?"

चिंधूनं आशेनं बायकोकडं पाहिलं. धुरपता पोरीच्या ओठांवर ओलं फडकं फिरवत होती. ती वर न पाहता म्हणाली, "तुमीच बोलावलं त्याले."

"काय?"

"मांडवात. सारे आयकत होते, त्यानं बी आयकलं. नावानं बोलाव म्हने! घ्या, बोलावून राह्यला आता. तुमाले नाई, माह्या लेकीले."

चिंधूनं गाणं रचताना 'मले' म्हटलं तेव्हा त्यात फक्त तोच होता. पोरगी त्यात कुठंच नव्हती. स्वतःच्या मरणाला ललकारायला काय लागतं? छाती लागते. दुसऱ्याचं मरण दारात आलं की छातीचा काही उपयोग नाही, हे त्याला कोणत्या मास्तरानं शिकवलं होतं?

"चाल," तो म्हणाला. "टाकू उकिरड्यावर."

उन्हं चटकू लागली होती. शेणाच्या, राखेच्या ढिगावर धुरपतानं पोरीला ठेवलं. माशा लगेच आल्या. कमलाबाईनं पदर खोचला, पोरीला उचललं आणि ठरल्याप्रमाणं मोठ्यानं विचारलं, "कोनाचा कचरा हाये वं?"

धुरपता पोरीच्या तोंडावरच्या माशा वारू लागली.

"बोल ना वं, कोनाचाच नाई म्हन!" सीताबाई मागून कळवळली.

चिंधू मनात म्हणत होता, म्हण बाई, एकदा म्हणून टाक. माझ्या गाण्यावर थुंक, पण म्हण.

धुरपताचे ओठ हलले. मग तिनं झडप घालून पोरीला कमलाबाईच्या हातातून ओढून घेतलं. "माही हाये! माह्या पोटची हाये. कचरा असंन तुह्या घरी!" आणि ती नदीच्या वाटेनं सुटली, हिंगणघाटच्या दवाखान्याकडं. चिंधू अनवाणीच मागं धावला.

वणेचं पात्र कोरडं पडलं होतं. वाळूत पाय रुतत होते, तळवे भाजत होते. मधल्या डबक्याशी चिंधूनं पोरीला आपल्याकडं घेतलं आणि मोकळ्या हातानं पाणी घेऊन धुरपताचं डोकं ओलं केलं.

"गा," धुरपता म्हणाली.

"काय गाऊ?"

"मांडवात मोठं गाऊन राह्यलते ना? मंग गा आता. त्याले आयकू द्या."

त्यानं सुरुवात केली. तिसऱ्या ओळीपर्यंत कसाबसा आला. पुढं चौथी होती. नावानं बोलाव, हे तो आता कोणत्या तोंडानं म्हणणार? मग त्यानं ती ओळ फेकून दिली आणि जे आलं ते म्हणू लागला. येऊ नोको. हरामखोरा, येऊ नोको. मोठ्या माड्या नाई दिसत तुले? मले ने. चिंधी म्हून ने, कुत्रं म्हून ने, हिले हात लावू नोको. त्यात ना यमक होतं ना चाल. मांडवात कुणी टाळी वाजवली नसती. आयुष्यात खरं असं तो पहिल्यांदाच काही रचत होता, आणि वाळूत पाय ओढत होता.

नदीची दरड चढताना पोरीची मान त्याच्या दंडावरून मागं लोंबली. सावरली, पुन्हा लोंबली. पोट हलत नव्हतं. चिंधू थांबला.

धुरपतानं पाहिलं. तिला सारं दिसलं. पुढं येऊन तिनं पोरीची मान त्याच्या खांद्यावर नीट ठेवली, वर पदर घातला आणि त्याच्या पाठीत हात रेटला.

"थांबू नोका."

"धुरपते, पोरगी..."

"चूप! थांबले तं त्याले समजंन. गात राहा."

चिंधू चालू लागला. शहर लागलं. दुकानांतून लोक बाहेर येऊन पाहू लागले: एक येडा भर उन्हात मरणाला आईमाईवरून शिव्या देत चाललाय, आणि मागून बायको म्हणतेय, आणखी, आणखी. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा कंपाउंडर आतून वसकन ओरडला, "कोन बोंबलून राह्यला रे? आत पेशंट हायेत!"

चिंधूनं आवाज आणखी चढवला.